मास्तरांच्या एकवीस मुठी

मास्टर उजागर सिंग यांनी लुधियान्याच्या सरकारी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांच्या हातांना खडूपेक्षा जड काही उचलावं लागलं नाही. घरातला फ्यूज उडाला की ते विजेचा नियम समजावून सांगत आणि फ्यूज त्यांची बायको नसीब कौर बांधत असे. नळ गळू लागला की ते पाण्याच्या दाबाबद्दल बोलत आणि नळाला सुतळी नसीब कौर गुंडाळत असे. ही वाटणी दोघांनाही मानवली होती. एकाला कळावं आणि दुसऱ्याला जमावं, म्हणजे संसार सुरळीत चालतो.

तो बिघडला एका उलथण्यावरून. नसीब कौर दर रविवारी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात रोट्या भाजण्याच्या सेवेला जाई. तिथला तवा एवढा मोठा, की चारी बाजूंनी बायका बसून एका वेळी पन्नास-साठ रोट्या उलटत. उलटायला लोखंडी उलथणी होती, त्यांच्या लाकडी मुठी केव्हाच जळून गेल्या होत्या. बायका दांड्याला ओला फडका गुंडाळत. फडका सुकला की चटका बसे, चटका बसला की वाहेगुरूचं नाव निघे, आणि सेवा पुढे चालू. त्या रविवारी मात्र नसीब कौर घरी आली ती तळहातावर रुपयाएवढा फोड घेऊन, आणि उलथणंही बरोबर घेऊनच.

"बत्तीस वर्षं पोरांना उष्णता शिकवलीत ना?" तिने उलथणं मास्तरांच्या वर्तमानपत्रावर ठेवलं. "मग हाताला चटका बसणार नाही अशी मूठ करून दाखवा. नाहीतर बर्फ तरी आणा."

मास्तरांनी बर्फ आणला. पण तो आणताना बोलणं जिव्हारी लागलं होतं. फोडावर बर्फ धरून बसलेल्या बायकोकडे पाहून त्यांना वाईटही वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मास्तर विचार करू लागत. रात्री जेवणापर्यंत त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली होती. लाकूड जळतं. लोखंड तापतं. हवा मात्र उष्णतेची अत्यंत मंद वाहक! तेव्हा मूठ हवेचीच केली पाहिजे. चार जाड तारा घ्यायच्या, दोन्ही टोकांना वेल्डिंगने एकत्र जोडायच्या, लालबुंद तापवून पीळ द्यायचा आणि मग तोच पीळ थोडा उलटा सोडायचा. तारा मधोमध फुगून वेगळ्या होतील, आत पिंजरा तयार होईल, पिंजऱ्यात हवा खेळेल आणि मूठ गार राहील. असा शोध जगात कोणी लावला नसेल अशी त्यांची खात्री होती, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत टिकली.

"अहो मास्टरजी, ही तर माझ्या आजीच्या चिमट्याला होती," शेजारचे करनैल सिंग आकृती उलटीसुलटी धरून म्हणाले. "फार जुनी गोष्ट. ही रेघ वाकडी का?"

"ती रेघ सरळ आहे."

"मग कॅलेंडर वाकडं असेल," करनैल समजूतदारपणे म्हणाले.

इथे सांगितलं पाहिजे, की करनैल म्हणजे कर्नल हे त्यांचं नाव होतं, हुद्दा नव्हे. आमच्या पंजाबात आईबाप पोराला पाळण्यातच बढती देऊन टाकतात. करनैल सिंग वीज कार्यालयात बिलं वाटून निवृत्त झाले होते. आणि गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असलेला, पन्नाशीला आलेला जो मेजर सिंग, त्याने बंदूक कधी हातात धरली नव्हती. वेल्डिंगचा होल्डर मात्र तो असा धरी, की लांबून लोक गेटं करून घ्यायला त्याच्याकडे येत.

"मेजरकडे टाका, चहा पिऊन होईस्तोवर करून देईल," करनैलनी सल्ला दिला.

हा सल्ला एकशे एक टक्के बरोबर होता, म्हणूनच मास्तरांना तो सहन झाला नाही. मेजर त्यांचा विद्यार्थी. आठवीत विज्ञानात शंभरापैकी नऊ मार्क मिळवून नापास झालेला, आणि त्याच वर्षी शाळा सुटलेला. मास्तर त्याच्या दुकानासमोरून जात तेव्हा तो उठून "सत श्री अकाल, मास्टरजी" म्हणे आणि मास्तर मान हलवून चालू पडत. ज्याला आपण उष्णता शिकवू शकलो नाही, त्याच्याकडे उष्णतेवरचा उपाय मागायला जायचं? मास्तरांनी बाजारातून वेल्डिंगचं मशीन भाड्याने आणलं.

मशीनबरोबर डोक्यावर चढवायचा मुखवटाही मिळाला, पुढे काळी काच असलेला. दुकानदाराकडे हातात धरायची काचही होती, पण मास्तरांना दोन्ही हात मोकळे हवे होते. घरी आल्यावर लक्षात आलं, की मुखवटा करणाऱ्याने डोकं गृहीत धरलं होतं, पगडी नव्हे. मास्तरांची पगडी पाच मीटरची, शाळेत दाखल झाले त्या दिवसापासून एकाच बांधणीची. ती उतरवून छोटा पटका बांधा, असं नसीब कौरने सुचवलं. मास्तर म्हणाले, "भागवाने, गणपत शर्मा हेडमास्तरांसमोर जी उतरली नाही, ती एका मशीनसमोर उतरवू?" रागावले की ते बायकोला भाग्यवती म्हणत.

तेव्हा मुखवटा पगडीच्या टोकावर तिरपा बसला आणि खालून चार बोटं फट राहिली. दाढीला पट्टा बांधून मास्तरांनी अंगणात पहिली ठिणगी पाडली. एकूण वीस मिनिटं काम केलं असेल. टोकं जोडली, नसीब कौरने कोळशाच्या शेगडीला पंखा लावून दिला, करनैलनी पान्याने पीळ घातला, सूचना दिल्या आणि श्रेयही घेतलं. एक तार इतर तिघींपेक्षा जास्त तापली होती, ती रुसल्यासारखी एका बाजूला फुगली. मूठ झाली, पण कंबर दुखणाऱ्या माणसासारखी जरा कलती. ती उलथण्याच्या दांड्याला जोडली गेली हेच मोठं.

रात्री मास्तरांच्या डोळ्यांत कोणीतरी वाळूची बैलगाडी रिकामी केली. वेल्डिंगचा उजेड फटीतून आपलं काम करून गेला होता. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. एकीने गुलाबपाणी सांगितलं, दुसरीने काकडी. करनैल म्हणाले, बटाट्याच्या चकत्या, कारखान्यातले सगळे लोक हेच करतात. दीड दिवस मास्तर दोन्ही डोळ्यांवर बटाटा ठेवून अंधाऱ्या खोलीत पडून होते. बटाटा का लागू पडावा, याचं शास्त्रीय कारण त्यांना सुचेना, आणि डोळ्यांपेक्षा त्याचीच आग जास्त होत होती.

रविवारी नसीब कौर ते वाकडं उलथणं घेऊन लंगरात गेली. आली ती हसत.

"दोन तास भाजल्या रोट्या. मूठ गार! म्हणजे कोमट. पण चटका नाही," ती म्हणाली. "सगळ्या बायका मागत होत्या. ज्ञानीजींनीही हातात धरून बघितली."

मास्तरांना लग्नानंतर इतकं बरं वाटलं नव्हतं. संध्याकाळी ते गुरुद्वाऱ्यात मत्था टेकायला गेले तेव्हा ग्रंथ वाचणाऱ्या ज्ञानीजींनी मुठीची तारीफ केली. ज्ञानीजी सगळ्यांचीच तारीफ करीत, पण मास्तरांना ते आठवलं नाही. ते म्हणून गेले, "त्यात काय, ज्ञानीजी, साधं विज्ञान आहे. सगळ्याच उलथण्यांना होईल."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अरदासनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यातून सेवा करणाऱ्यांची नावं सांगितली गेली. अमक्यांकडून एक पोतं आटा, तमक्यांकडून दोन डबे तूप. आणि मग: "मास्टर उजागर सिंगजींच्या परिवाराकडून लंगरातल्या एकवीस उलथण्यांना आपल्या हाताने केलेल्या गार मुठींची सेवा, गुरपूरबच्या आधी. वाहेगुरू त्यांना बळ देवो."

मास्तर अंथरुणात उठून बसले. शेवटचं वाक्य ज्ञानीजी सगळ्यांसाठी म्हणतात, पण आज ते खास आपल्यासाठी म्हटल्यासारखं त्यांना वाटलं. गुरपूरब, म्हणजे गुरू नानकांची जयंती, अठरा दिवसांवर. भोंगा चार मोहल्ल्यांत ऐकू जातो. पंजाबात माणूस बायकोला दिलेला शब्द विसरू शकतो, सावकारालाही चुकवू शकतो, पण अरदासमध्ये बोलली गेलेली सेवा झाली नाही, तर भाजीवालासुद्धा कोथिंबीर देताना डोळ्यांत बघत नाही.

"आपल्या हाताने असं मी कुठे म्हणालो होतो?" मास्तर हळूच म्हणाले.

"पण झालं ना तसं," नसीब कौर म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता, आणि तोच मास्तरांना अवघड गेला.

एक झाली, वीस राहिल्या. मशीन पुन्हा अंगणात आलं. संध्याकाळी सात वाजता मास्तरांनी होल्डर तारेला टेकवला. गल्लीतले सगळे दिवे आधी पिवळे झाले, मग तांबूस, मग दिसेनासे झाले. तेरा घरांतल्या तेरा मालिका अर्ध्या संवादावर थांबल्या आणि तेरा दारं उघडली. कोणी काही बोललं नाही, कारण सेवेचं काम. पण सेवेचं काम म्हणून न बोलणारी तेरा माणसं बघणं हे बोलणी खाण्यापेक्षा वाईट.

"लोड मंजूर करून घ्या," करनैल म्हणाले. "मी येतो बरोबर. ऑफिसात सगळे माझ्या ओळखीचे."

ऑफिसात गेल्यावर कळलं, की ओळखीचे सगळे करनैलबरोबरच निवृत्त झाले होते. खिडकीमागच्या बाबूने अर्ज पुढे सरकवला.

"कशासाठी पाहिजे जादा वीज? घरगुती, दुकान, कारखाना की शेती?"

"सेवेसाठी," मास्तर म्हणाले.

"सेवेचा रकाना नाही."

"शेतीत घाला," करनैल मध्येच म्हणाले. "शेतीला मोटारीचं कनेक्शन मिळतं."

"मग जमिनीचा उतारा लागेल. विहिरीचा नकाशा लागेल." बाबूने अंगणाची लांबीरुंदी विचारली, आणि चोवीस बाय अठरा फूट ऐकून पीक कोणतं घेता तेही विचारलं. मास्तर म्हणाले, तुळस. शेवटी अर्ज कारखान्याच्या रकान्यात गेला. त्याला तेरा शेजाऱ्यांची संमती, आग विझवण्याच्या साधनाचा दाखला आणि तपासनीसाची भेट लागणार होती. तपासनीस गुरपूरबनंतर येणार होते, कारण गुरपूरबच्या रोषणाईचे लोड मंजूर करण्यात ते गुंतले होते.

"माझा मुलगा तुमच्याकडे शिकला, मास्टरजी," बाबू निघताना आदराने म्हणाला. "नियम पाळायचे हे तुम्हीच शिकवलंत."

बाराव्या दिवशी मास्तरांनी तडजोड काढली. दुपारी दोन ते तीन, जेव्हा गल्ली झोपलेली असते, तेव्हाच काम. पण आणलेली तार संपली होती आणि दुपारी बाजार बंद. अंगणात कपडे वाळत घालायची जाड तार होती, चकचकीत, कधी न गंजणारी. ती का गंजत नाही, हे मास्तरांनी बत्तीस वेळा शिकवलं होतं: लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो म्हणून. तो मुलामा जाळला तर काय होतं, हे पुस्तकात नव्हतं.

पांढराशुभ्र धूर निघाला. मास्तर धुरात एक तास बसून होते. चार मुठी झाल्या, त्यातल्या दोन हातात घेताच टोकाशी सुटल्या. आणि रात्री मास्तरांना अशी हुडहुडी भरली, की पलंग भिंतीवर वाजू लागला. तीन रजया घातल्या. गल्ली पुन्हा जमली. एकीच्या मते मलेरिया, दुसरीच्या मते टायफॉइड, आणि करनैलच्या मते नजर, कारण भोंग्यावरून नाव घेतल्यावर आणखी काय होणार.

मग दारात मेजरचा आवाज आला. मास्तरांनी रजईत डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. थरथरत झोपल्याचं सोंग घेणं सोपं नसतं.

"चाची, दुपारी या बाजूने पांढरा धूर येताना दिसला," मेजर नसीब कौरला सांगत होता. "जस्त जाळलंय मास्टरजींनी. आम्ही सगळे एकेकदा जाळतो. उद्या उतरेल ताप, पण श्वास लागला तर लगेच डॉक्टरकडे न्या. हा गूळ ठेवा. आणि चाची, ते वाकडं उलथणं बघू जरा?" मुठीवर नख वाजवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पहिलीच आहे? मग चांगली आहे. माझी पहिली याहून वाईट होती."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. गुळाने की आपोआप, यावर विज्ञान गप्प राहिलं. पण मास्तर कूस बदलत राहिले ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. मेजरने त्यांची बाजू घेतली होती, ते ऐकत नाहीत असं समजून. बत्तीस वर्षांत त्यांनी कोणत्या नऊ मार्कांच्या पोराची अशी पाठीमागे बाजू घेतली होती, ते त्यांना आठवेना.

गुरपूरबला चार दिवस उरले. हाती धड मुठी तीन, त्यातली एक उलथण्यावर चढलेली. सकाळी नसीब कौरने लस्सीचा पेला समोर ठेवला आणि इतकंच म्हणाली, "मी ज्ञानीजींना सांगून येते, तब्येत बरी नव्हती म्हणून. कोणी हसणार नाही." ती चुन्नी डोक्यावर घेऊ लागली तेव्हा तळहातावरचा फोड सुकून तिथे तांबूस कातडी आलेली दिसली. मास्तर उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोठी पगडी खुंटीला ठेवली, डोक्याला छोटा काळा पटका बांधला आणि गल्लीच्या तोंडाशी गेले.

मेजर उठून उभा राहिला. "सत श्री अकाल, मास्टरजी." मग पटक्याकडे पाहून त्याने तोंड दुसरीकडे वळवलं आणि खोकला काढला.

मास्तरांनी त्याच्याऐवजी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर गुरू नानकांची तसबीर होती, त्याखाली एका टायर कंपनीचं कॅलेंडर, आणि त्याशेजारी काचेच्या चौकटीत पिवळा पडलेला कागद. शाळेचं प्रगतिपुस्तक. विज्ञान: ९. आणि खाली लाल शाईत, मास्तरांच्या स्वतःच्या अक्षरात, उजवीकडे खाली घसरत गेलेली ओळ: *या मुलाच्या हातून काही होणार नाही.*

मास्तर चौकटीजवळ गेले. ती ओळ त्यांना आठवतही नव्हती. त्या वर्षी अशा किती ओळी लिहिल्या असतील कोण जाणे. सत्तर पोरं, संध्याकाळची वेळ, लाल शाई.

"मुद्दाम नाही लावली, मास्टरजी," मेजर घाईघाईने म्हणाला. "भिंतीला भोक पडलं होतं. बरोबर त्याच मापाची निघाली."

"तुझी शाळा... यामुळे सुटली?"

"बापूंनी वाचली आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर बसवलं," मेजर म्हणाला. "पहिलं वर्ष रडलो. मग हात बसला. शाळेत राहिलो असतो तर मास्टर झालो असतो आणि या वयात वेल्डिंग शिकायला कोणाकडे तरी जावं लागलं असतं."

यावर मास्तरांना हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पुन्हा वाळू गेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "शिकव मला."

पुढचे तीन दिवस मास्तर स्टुलावर बसून शिकले. मेजर हातात काच देई आणि म्हणे, आता बघा. चारही तारा सारख्या लाल होईपर्यंत थांबायचं, एकीचाही रंग मागे राहता कामा नये. पीळ पूर्ण एक, आणि सोडायचा तो अर्धा. मास्तर घाई करीत. मेजर न रागावता म्हणे, "पुन्हा." मास्तरांनी तो शब्द आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवला होता, स्वतःला ऐकवून घेताना तो किती लांब असतो ते कळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी सतरा मुठी केल्या. सतराच्या सतरा वाकड्या. त्यातल्या नऊ जोडावर सुटल्या. कोणी पत्ता विचारायला आलं तर मेजर त्या पोत्याखाली लपवी.

"अक्षर काही सुधारत नाही, मास्टरजी," तो शेवटी म्हणाला. "घरी जा. झोपा. उद्या सकाळी पाहू."

"पण शब्द दिलाय, मेजर. भोंग्यावरून."

"झोपा जी तुम्ही."

सकाळी मास्तर दुकानात गेले तर कुलूप. गुरुद्वाऱ्यात गेले तर निशाणसाहिबला, म्हणजे झेंड्याच्या खांबाला, नवा चोला चढवलेला, सभेचा दिवाण भरलेला, आणि लंगराच्या दारात एका टोपलीत उलथणी उभी करून ठेवलेली. वीस मुठी, एकसारख्या, एका मापाच्या, आणि एकविसावी वाकडी. मास्तर काही विचारणार, तोवर ज्ञानीजींनी मोठ्या आवाजात सुरुवात केली होती: "मास्टर उजागर सिंगजींनी आपल्या हाताने..."

मेजर पुरुषांच्या शेवटच्या रांगेत बसला होता. मास्तरांशी नजर भिडताच त्याने हात जोडले आणि मान अशी हलवली, की राहू द्या, मास्टरजी, एकदा तुमचा गृहपाठ मी केला.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. चार मोहल्ले ऐकत होते. नसीब कौर बायकांत बसली होती आणि तिच्या शेजारणी तिला कोपराने ढोसत होत्या. मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून माइकपाशी गेले. "दोनच मिनिटं, ज्ञानीजी."

"साधसंगतजी," ते म्हणाले, "या मुठी मी केल्या नाहीत. यातली एक माझी, ती वाकडी. वीस मेजर सिंगच्या. मी त्याला आठवीत नापास केलं होतं."

इथे थांबायला हवं होतं. पण समोर पाचशे माणसं मांडी घालून, गप्प, आपल्याकडे बघत बसलेली, आणि हातात माइक. बत्तीस वर्षांची सवय. मास्तर म्हणाले, "आता, मूठ गार का राहते? उष्णतेचं स्थानांतरण तीन प्रकारे होतं." आणि मग थांबले नाहीत. धातू झाला, लाकूड झालं, हवा झाली. गुरुद्वाऱ्याच्या सेक्रेटरींनी कुडत्याचं टोक ओढलं. ज्ञानीजींनी घड्याळ पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. लंगरात कणीक फुगून परातीबाहेर आली. अकराव्या मिनिटाला करनैल सिंगांनी हात वर करून शंका विचारली, आणि मास्तरांनी ती सोडवलीही.

"तर हे सगळं," शेवटी ते म्हणाले, "मला पाठ होतं. त्याला येत होतं."

ज्ञानीजींनी ताबडतोब जयकारा दिला. संगत इतक्या जोरात ओरडली, की तो मेजरच्या कौतुकाचा की सुटकेचा, हे सांगणं कठीण. मेजर तोवर दिवाणातून पळून जोडाघरात गेला होता आणि लोकांचे जोडे पुसत बसला होता.

लंगरात बायका टोपलीवर तुटून पडल्या. मास्तर दारात उभे होते. नसीब कौर खाली वाकली, वीस सुंदर मुठी हाताने बाजूला सारल्या आणि वाकडी उचलली.

"ती नको, चांगली घे," मास्तर म्हणाले.

"हीच माझी," ती तव्यापाशी बसत म्हणाली. "फळ्यावर तरी कधी सरळ रेघ काढलीत? लांबूनही ओळखू येते." दुपारपर्यंत तिने रोट्या उलटल्या. मास्तर मधूनमधून कारण काढून तिथे येत आणि तिचा हात बघून जात.

दुसऱ्या दिवशी मास्तर पटका बांधून मेजरच्या दुकानात गेले. त्यांनी भिंतीवरची चौकट काढली, मागचे खिळे उपटले आणि कागद बाहेर घेतला. भिंतीला खरंच भोक होतं, हात जाईल एवढं. खिशातून त्यांनी लाल शाईचं पेन काढलं. जुन्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली, जरा खाली घसरत, लिहिलं: *फेरतपासणी केली. परीक्षकाची चूक. शंभरापैकी शंभर.* आणि सही, तारखेसकट.

मेजरने कागद घेतला. तो वाचायला त्याला जितका वेळ लागला, तितका वाचता न येणाऱ्यालाही लागला नसता. त्याने बाहीने नाक पुसलं.

"आता हा कुठे लावू, मास्टरजी?"

"तिथेच," मास्तर स्टूल ओढून बसत म्हणाले. "भिंतीला भोक आहे ना."